तार का हलते? काट्यावर ग्रॅम आणि तांब्यात मायक्रोव्होल्ट मोजण्याच्या नोंदी

काम असं: प्रवाह वाहणारी तार चुंबकात धरली की तिच्यावर किती बल येतं ते काट्यावर ग्रॅममध्ये मोजायचं. मग त्याच चुंबकात, तेवढ्याच प्रवाहाला, तांब्याच्या आतले इलेक्ट्रॉन एका कडेला ढकलले गेल्याने जे व्होल्टेज उभं राहतं तेही मोजायचं. दोन्ही घरच्या टेबलावर. बारावीला पहिला प्रयोग निदान दाखवतात तरी, दुसरा फळ्यावरच संपतो. यंदा वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "सर, धक्का इलेक्ट्रॉनला बसतो, मग तार का हलते?" तोंडी उत्तर दिलं. ते तिला पटलं नाही, आणि पटलं नाही हे तिने सांगितलंही. त्यातून हा उद्योग सुरू झाला. कुणाला करायचा असेल तर वेळ आणि पैसे वाचावेत म्हणून नोंदी ठेवतोय.

८ जून

सामान. निओडिमियम चुंबकाच्या दोन पट्ट्या, ५० × २५ × ५ मिमी, ऑनलाइन, ८२० रुपये. खिशात मावणारा डिजिटल काटा, ५०० ग्रॅमपर्यंतचा, ०.०१ ग्रॅम दाखवणारा, ४५० रुपये. यूपीएसची १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी घरात पडून होती. १८ गेजची एनॅमल तार मोटार रिवाइंडिंगवाल्या मिस्त्रींनी दिली, पैसे घेतले नाहीत. शेतीपंपाच्या जळक्या मोटारी भरायचं त्यांचं काम. "काट्यावर तार कशाला नाचवायलाय सर?" एवढं मात्र विचारून घेतलं.

पट्ट्या समोरासमोर धरायला लोखंडी यू आकाराचा सांगाडा कुपवाड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमधून भंगारातल्या पट्टीचा करून घेतला, १५० रुपये. चुंबक बसवल्यावर मधे २० मिमी मोकळी जागा राहते. बसवताना मधे लाकडाचा ठोकळा ठेवाच. माझ्या एका पट्टीने ठोकळा नसताना उडी मारली आणि तिच्या कोपऱ्याचा टवका गेला. बोट मधे असतं तर नखही गेलं असतं.

११ जून

चार-पाच अँपिअर डीसी हवा. तेवढा देणारा लॅबचा पॉवर सप्लाय महाग, म्हणून बॅटरीला मोटारगाडीच्या हेडलाइटचा हॅलोजन बल्ब मालिकेत जोडला, ६०/५५ वॅटचा, गॅरेजमधला जुना, ८० रुपये. साठ वॅटची बाजू जोडली की जवळपास ४.६ अँपिअर मिळतो. बल्बचा फायदा असा की बॅटरी उतरायला लागली की फिलामेंट थोडं थंड होतं, त्याचा रोध कमी होतो, आणि प्रवाह व्होल्टेजच्या मानाने हळू घसरतो. बॅटरीच्या धन टोकाला लागूनच १० अँपिअरचा फ्यूज घाला. ही छोटी बॅटरी शॉर्ट झाली तर तार लाल करते.

प्रवाह मोजायला मल्टिमीटर कायमचा मालिकेत ठेवू नका. माझ्या मीटरच्या १० अँपिअरच्या भोकाशेजारी बारीक अक्षरात १५ सेकंदांची मर्यादा छापलेली आहे. शंटसह पॅनेल मीटर घेतला, ३५० रुपये.

१५ जून

काटा चुंबकाला ओळखतच नाही असं धरून चाललो होतो. सांगाडा काट्यावर ठेवला तर आकडा स्थिरच होईना, आणि सांगाडा इंचभर सरकवला की वजन बदले. काट्याच्या आत स्टीलचे स्क्रू आहेत, खाली टेबलाची चौकट लोखंडी. चुंबक दोघांनाही ओढत होता. अख्खी संध्याकाळ काटाच बिघडला आहे असं समजून तो परत पाठवायच्या खटपटीत गेली.

उपाय: काट्यावर १० सेंटिमीटर उंच थर्माकोलचा ठोकळा, त्यावर सांगाडा. काटा लोखंडी टेबलावरून उचलून जुन्या लाकडी पाटावर. मग आकडा गप्प बसला.

दुसरी गोष्ट, तार काट्यावर ठेवायची नाही. तिच्या जाड जोडण्याच काट्याला ढकलतात आणि आपण त्यालाच चुंबकीय बल समजतो. चुंबक काट्यावर, तार वेगळ्या स्टँडवर घट्ट बांधलेली. तारेवर जेवढं बल वर, तेवढंच चुंबकावर खाली, म्हणजे काट्याला ते वजन म्हणून दिसतं.

१७ जून

सरळ तार पट्ट्यांच्या मधून आरपार नेली. प्रवाह ४.६ अँपिअर. काटा शून्यावर आणून स्विच दाबला: ८.१५ ग्रॅम. प्रवाह उलटा केला: उणे ८.१ च्या आसपास. उलटसुलट करायला सहा पायांचा दुहेरी स्विच लावला आहे, तो नसेल तर दर वेळी वायर सोडवत बसावं लागतं.

८.१५ ग्रॅम म्हणजे ०.०८ न्यूटन. चुंबकाची लांबी ५ सेंटिमीटर धरली तर चुंबकीय क्षेत्र ०.३५ टेस्ला (टेस्ला हे त्याचं एकक) येतं. हा आकडा मला जास्त वाटतोय. २० मिमीच्या फटीत चुंबकीय क्षेत्र पट्टीच्या टोकाशी एकदम संपत नाही, ते बाहेर फुगतं. त्या फुगवट्यातल्या तारेवरही बल येतं, आणि हिशेबात मी ती लांबी धरलेलीच नाही.

१८ जून

तार यू आकारात वाकवली, तळाची आडवी बाजू बरोबर ३० मिमी, म्हणजे ती पूर्णपणे पट्ट्यांच्या आत राहते. दोन्ही उभ्या बाजूंवरची बलं आडवी आणि एकमेकींच्या उलट असतात, काट्याला ती कळत नाहीत. आता ३.९४ ग्रॅम. क्षेत्र ०.२८ टेस्ला. पुढे सगळीकडे हाच आकडा वापरणार.

बाजारातला स्वस्त लिनिअर हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्र मोजणारी चिप) आणून क्षेत्र थेट का मोजलं नाही? एसएस४९ई नावाचा जो सर्रास मिळतो तो ०.१ टेस्लाच्या आसपासच माथ्याला टेकतो, त्यापुढे काही सांगत नाही. काट्याचा मार्ग लांबचा पण पक्का.

या ३० मिमी तारेत फिरते इलेक्ट्रॉन सुमारे ३ वर एकवीस शून्यं एवढे. ते पुढे सरकतात सेकंदाला ०.२९ मिमी, मुंगी त्यांना सहज मागे टाकेल. प्रत्येकावर येणारं बल न्यूटनच्या अपूर्णांकात लिहायचं तर दशांशचिन्हानंतर बावीस शून्यं. गुणाकार केला की बरोबर काट्यावरचे चार ग्रॅम येतात. मुलांना हा गुणाकार करायला लावायचाच.

२४ जून

दोन समांतर तारांमधलं आकर्षण याच काट्यावर मोजायचा प्रयत्न. २० मे २०१९ पर्यंत अँपिअरची व्याख्याच या बलावरून होती, म्हणून मोह झाला. ५ मिमी अंतर, ३० सेंटिमीटर लांबी, दोन्हींत ४.६ अँपिअर: बल यायला हवं ०.०२६ ग्रॅमएवढं. म्हणजे काट्याचे दोन-तीन अंक. पंखा चालू असला तर काटा एवढा आपोआपच हलतो. सोडून दिलं. ज्याच्याकडे मिलिग्रॅमचा काटा आहे त्याने करावं.

२९ जून

आता अवघड भाग. इलेक्ट्रॉन कडेला ढकलले जातात ते दाखवणारं व्होल्टेज पट्टी जेवढी पातळ तेवढं मोठं. एडविन हॉलने १८७९ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हे पकडलं तेव्हा काचेवर चिकटवलेला सोन्याचा वर्ख वापरला होता. म्हणून याला हॉल व्होल्टेज म्हणतात. इलेक्ट्रॉन सापडायला अजून अठरा वर्षं होती. बल प्रवाहावर येत नाही, प्रवाह वाहणाऱ्या वाहकावर येतं, असं खुद्द मॅक्सवेलने लिहून ठेवलं होतं आणि हॉलला ते पटलं नव्हतं. आमच्या वर्गातल्या मुलीचं बरं चाललंय म्हणायचं.

सोनं परवडत नाही म्हणून चांदीचा वर्ख. विट्याकडचे एक स्नेही गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यात आहेत, त्यांनी शुद्ध चांदीचा मिळवून दिला. मिठाईवरचा वर्ख कशाचा असेल याचा भरवसा नाही म्हणाले. काचेवर पाणी लावून पसरला, दिसायला सुरेख. टोकांना पितळी पट्ट्या दाबून प्रवाह दिला आणि अर्ध्या अँपिअरच्या आतच पट्टीच्या कडेला ठिणगी पडून वर्ख तुटला. दुसरा, तिसरा, तेच. उजेडासमोर धरल्यावर कारण दिसलं: ठोकून केलेल्या वर्खात टाचणीच्या टोकाएवढी असंख्य भोकं आहेत, आणि दाबलेल्या ठिकाणी तो फाटतो. सगळा प्रवाह दोन-चार चिंचोळ्या जागांतून जायला बघतो. चांदीचा पेस्ट लावून सांधे केले तर कदाचित जमेल, पण तो पेस्ट वर्खापेक्षा महाग. हा रस्ता बंद.

६ जुलै

तांब्याची चिकट टेप, १० मिमी रुंद. दोन्ही कडांना मधोमध, समोरासमोर, बारीक तारा झाळल्या. अपेक्षित हॉल व्होल्टेज अडीच-तीन मायक्रोव्होल्ट. मिळालं शंभराच्या घरात, चुंबक नसतानाच.

हिशेब केल्यावर घाम फुटला. या टेपमध्ये ४.६ अँपिअर वाहत असताना लांबीच्या दर मिलिमीटरला २२० मायक्रोव्होल्ट पडतात. समोरासमोरचे झाळ अर्धा मिलिमीटर पुढेमागे झाले की शंभर मायक्रोव्होल्ट आलेच. आपल्याला हवंय त्याच्या चाळीसपट कचरा. वर झाळ आणि तांबं यांचा सांधा तापला की अंशाला काही मायक्रोव्होल्ट स्वतःहून देतो. डोळ्याने सरळ रेषा काढून हे होणार नाही.

९ जुलै

मायक्रोव्होल्ट वाचायचे कशाने? साधा मल्टिमीटर ०.१ मिलिव्होल्टखाली आंधळा. एचएक्स७११ हे वजनकाट्यात वापरतात ते २४ बिटांचं मॉड्यूल घेतलं, ९० रुपये. त्याचा आतला गोंगाट पन्नासेक नॅनोव्होल्टचा, आणि सेकंदाला दहा वाचनांच्या वेगावर ते ५० हर्ट्झची घरगुती भुणभुण दाबतं. सोबत आर्डुइनो, म्हणजे त्यातले आकडे लॅपटॉपला देणारा छोटा बोर्ड.

पहिल्या दिवशी सगळे आकडे एकाच टोकाला चिकटलेले. वायरी उलट केल्या तरी तेच. मॉड्यूल बदललं, आणखी ९० रुपये, तरी तेच. दोष मॉड्यूलचा नव्हता. या चिपला दोन्ही इनपुट जमिनीपेक्षा किमान सव्वा व्होल्ट वर लागतात. काट्याच्या लोडसेलमध्ये ते आपोआप अर्ध्या पुरवठ्यावर असतात, माझी तांब्याची पट्टी मात्र थेट ग्राउंडला बांधलेली. १० किलोओहमचे दोन रोध मॉड्यूलच्या पुरवठ्यावर मालिकेत लावून त्यांचा मधला बिंदू पट्टीच्या एका टोकाला जोडला, ग्राउंड सोडवला. आकडे जिवंत झाले. बल्बची बॅटरी आणि लॅपटॉप यांच्यात दुसरी कुठलीही जोडणी असता कामा नये, आणि लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा.

१३ जुलै

किती आकडे म्हणजे एक मायक्रोव्होल्ट? १.५५ व्होल्टचा सेल, १ मेगाओहम आणि १० ओहमचे रोध, दोन्ही एक टक्क्याचे. विभागून १५.५ मायक्रोव्होल्ट. सेल जोडल्या-तोडल्यावरचा फरक ७,७०० आकड्यांच्या जवळपास, म्हणजे एका मायक्रोव्होल्टला ५०० आकडे. झालं.

२१ जुलै

टेप सोडून तांब्याचा पीसीबी बोर्ड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट बनवायचा, तांब्याचा पातळ थर असलेला बोर्ड. मार्करने पट्टी काढली, १० मिमी रुंद, आणि तिच्या कडांनाच जोडलेले तांब्याचे बारीक हात: एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दोन मिलिमीटर अंतरावर दोन. फेरिक क्लोराइडमध्ये बुडवून बाकीचं तांबं विरघळवून टाकलं. (पावसाने बाल्कनी ओली, म्हणून हे न्हाणीघरात केलं. फरशीवरचा पिवळा डाग घासूनही जात नाही, घरात त्याची आठवण रोज करून दिली जाते.)

या रचनेने दोन त्रास एकदम सुटतात. झाळ पट्टीपासून लांब, हातांच्या टोकाला जातात, दोन्ही शेजारी शेजारी, म्हणजे तापमान सारखं. आणि दोन हातांमध्ये एक प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा बदलता रोध) लावला की त्याची मधली टांग या दोघांमधलं कुठलंही व्होल्टेज निवडू शकते. चुंबक नसताना स्क्रू फिरवून उरलेला कचरा दोन-तीन मायक्रोव्होल्टवर आणला. दहा फेऱ्यांचा प्रीसेट घ्या, एका फेरीचा नको, त्याला बोट लागलं तरी आकडा उडतो.

२८ जुलै

तरीही आकडा हळूहळू सरकतोय, दहा मिनिटांत दोन मायक्रोव्होल्ट. सांगलीत सगळ्यांचं लक्ष आयर्विन पुलाखालच्या कृष्णेच्या पाण्याकडे, माझं लॅपटॉपवरच्या आकड्याकडे. पंखा बंद केला, सरकणं कमी झालं पण थांबलं नाही. बोर्डवर थर्माकोलचा डबा पालथा घातला, थोडं अजून कमी.

शेवटी हात फिरवताना लक्षात आलं, साठ वॅटचा बल्ब बोर्डापासून वीतभर अंतरावर आहे. बोर्डाची ती बाजू कोमट. बल्ब लांब वायरीवर खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, जमिनीवर नेला. सगळं चालू करून पंधरा मिनिटं हात न लावता थांबलो. मग रेषा सपाट. या एका बल्बने आठवडा खाल्ला.

३ ऑगस्ट

मोजणीची पद्धत: सांगाडा पट्टीवर चढवायचा, सुटलेला झटका शांत होऊ द्यायचा (हलता चुंबक वायरीत स्वतःच व्होल्टेज आणतो, म्हणून वायरी एकमेकींना पिळ घालून ठेवा), शंभर वाचनांची सरासरी. सांगाडा उचलून अर्धा फिरवून पुन्हा चढवायचा, पुन्हा सरासरी. असं आलटून पालटून. चुंबक उलटला की फक्त हॉल व्होल्टेज उलटतं, बाकी कचरा जागच्या जागी राहतो आणि वजाबाकीत जातो.

फरक २,१०० आकड्यांच्या आसपास, दर वेळी. ४.२ मायक्रोव्होल्ट. त्याचा निम्मा, २.१ मायक्रोव्होल्ट, हे हॉल व्होल्टेज. चुंबकाऐवजी तसाच लोखंडी सांगाडा चढवून उतरवून पाहिला: फरक गोंगाटात हरवतो. प्रवाह बंद ठेवून चुंबक उलटवला: काही नाही. म्हणजे खरं आहे. चिन्हावरून वाहणारे कण ऋण.

१० ऑगस्ट

खरं आहे पण कमी आहे. बोर्डावर तांबं ३५ मायक्रॉन धरलं तर पुस्तकातलं सूत्र २.७ देतं. आधी जाडीवर संशय. त्याच बोर्डाचा ५ × १० सेंटिमीटर तुकडा काट्यावर तोलला, सगळं तांबं विरघळवून काढलं, धुऊन वाळवून पुन्हा तोलला: १.४८ ग्रॅम गेले. म्हणजे जाडी ३३ मायक्रॉन. यामुळे अपेक्षा आणखी वाढून २.८६ झाली! तफावत पाव भागाहून जास्त.

प्रवाह, क्षेत्र, कॅलिब्रेशन सगळं पुन्हा तपासलं. चूक कुठेच नाही, कारण कमी पडतं ते सूत्रच. पुस्तकातलं सूत्र प्रत्येक अणूमागे एक इलेक्ट्रॉन मोकाट सोडून देतं. त्यातून तांब्याचा हॉल गुणांक (त्या धातूत हॉल व्होल्टेज किती येईल ते ठरवणारा आकडा) १० च्या उणे अकराव्या घाताच्या पटीत ७.३ निघतो. प्रत्यक्षात मोजलेला गुणांक सुमारे ५.३ आहे. तो घातला की ३३ मायक्रॉनला २.०७ मायक्रोव्होल्ट. माझं वाचन २.१. तांब्यातले इलेक्ट्रॉन अणूंच्या जाळीसारख्या रचनेमुळे तितकेसे मोकाट नसतात, हे बारावीत कुणी सांगत नाही. माझ्या मते आकडा तरी सांगावा, कारण न सांगता मुलांना हा प्रयोग दिला तर ती आपलंच काहीतरी चुकलंय समजून आकडा सूत्राला जुळवतील. प्रात्यक्षिकाच्या वह्यांत ते वर्षानुवर्षं चाललेलंच आहे.

१७ ऑगस्ट

सगळं खोक्यात घालून वर्गात नेलं. आधी काटा, मग बोर्ड. प्रश्न विचारणारी मुलगी पुढच्या बाकावर.

फळ्यावर एवढंच लिहिलं: इलेक्ट्रॉन एका कडेला ढकलले जातात, तिथे गर्दी होते, समोरच्या कडेला तुटवडा. या गर्दीचं विद्युतक्षेत्र मागून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांना पुन्हा सरळ चालवतं. तेच क्षेत्र तांब्याच्या स्थिर धन अणूंना मात्र गर्दीच्या बाजूला ओढतं, आणि अणू म्हणजेच तार. लॅपटॉपवरचे २.१ मायक्रोव्होल्ट ही ती गर्दी, काट्यावरचे ग्रॅम ही ती ओढ.

ती म्हणाली, "पण सर, गर्दीचं क्षेत्र तर पाव भाग कमी भरलं. मग काट्यावर बल पूर्ण कसं आलं?" प्रश्न बिनतोड. उरलेला हिशेब इलेक्ट्रॉन आणि जाळी यांच्यातल्या थेट देवाणघेवाणीत आहे, आणि तो मोकाट इलेक्ट्रॉनांच्या चित्रात बसत नाही, इथपर्यंत सांगून थांबलो. तो फळ्यावर मांडायला मला अजून अभ्यास करावा लागेल.

आतापर्यंतचा खर्च बॅटरी सोडून साडेतीन हजारांच्या आत, त्यात वर्ख आणि जास्तीचं मॉड्यूल वाया. पुढे जस्ताचा पातळ पत्रा लावून पाहायचा आहे. जस्ताचा हॉल गुणांक धन येतो, म्हणजे व्होल्टेज तांब्याच्या उलट दिसायला हवं. पण पत्रा ०.१ मिमीपेक्षा जाड असेल तर संकेत ०.४ मायक्रोव्होल्टच्याही खाली जाईल आणि सरासरी शंभरऐवजी हजारो वाचनांची घ्यावी लागेल. मिस्त्रींकडे चौकशी केली, त्यांच्याकडे एवढा पातळ पत्रा नाही.